दुखऱ्या कमरेला व्यायामाची मात्रा

जुनाट कंबरदुखीवर व्यायाम हा उपचार म्हणून लागू पडतो का? पडत असेल तर किती? आणि उभा दिवस रानात राबणाऱ्या माणसाला तो कसा द्यायचा? पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावात हे प्रश्न विचारले की तिसऱ्याचे वजन पहिल्या दोहोंपेक्षा जास्त भरते. अहिल्यानगरहून करंजी घाट ओलांडून पाथर्डीकडे जाताना लागणारे हे बाजाराचे गाव. भोवताली बाजरी, कापूस, तुरीची जिरायती शेती. पाऊस बेभरवशाचा, म्हणून दसरा-दिवाळी झाली की तालुक्यातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. इथली कंबर खुरपणीने दुखते, मोळ्या वाहून दुखते, खडबडीत रस्त्यावर दुचाकी चालवून दुखते आणि दुकानाच्या गल्ल्यावर बसूनही दुखते. अशा माणसाला व्यायाम करा म्हटले तर तो साहजिकच विचारतो, ‘आम्ही दिवसभर कमी राबतो का?’ या विषयावरचे जगभरचे संशोधन चाळताना हा सवाल मी सतत समोर ठेवला आहे. त्याचे उत्तर देता आले नाही, तर शहरातला सल्ला गावाच्या काही उपयोगाचा नाही.

दुखणे कोणते?

बरगड्यांच्या खालच्या कडेपासून कुल्ल्यांपर्यंतचे दुखणे बारा आठवड्यांहून जास्त टिकले की वैद्यकात त्याला जुनाट कंबरदुखी म्हणतात. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा ‘लॅन्सेट रुमॅटॉलॉजी’त २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींच्या पुढे जाईल, असे त्याच अभ्यासात म्हटले आहे. माणसाला अपंगत्वासह जगायला लावणाऱ्या कारणांत कंबरदुखी पहिली आहे. हा शहरी, बैठ्या लोकांचा आजार असल्याचा समज महाराष्ट्रात तरी टिकणारा नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावांत केलेल्या पाहणीत पाठ-कंबरेचे दुखणे ही मोठी सार्वजनिक आरोग्य समस्या असल्याचे दिसले. मुंबईचे मणकेतज्ज्ञ डॉ. शेखर भोजराज यांच्या ‘स्पाइन फाउंडेशन’ने तिथल्या रुग्णांसाठी काम केले आहे.

दहांपैकी साधारण नऊ रुग्णांत कंबरदुखीचे एक ठरावीक शारीरिक कारण दाखवता येत नाही. स्नायू, सांधे, चकती, मज्जातंतूंची वाढलेली संवेदनशीलता, झोप, ताण आणि कामाचा बोजा यांचा तो मिळून झालेला परिणाम असतो. रुग्ण मात्र दवाखान्यातून ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकली’, ‘शीर दबली’ असे एखादे वाक्य घेऊन घरी येतो आणि वर्षानुवर्षे त्याच्या धाकात वागतो. काहीही दुखत नसलेल्या लोकांच्या मणक्यांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या आढळल्या. चकती फुगलेली असण्याचे प्रमाण विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के होते. म्हणजे एमआरआयमध्ये दिसणारी झीज बहुतेकदा वयाची खूण असते. त्या अहवालावरून ‘आता वाकायचे नाही, उचलायचे नाही’ असे ठरवणाऱ्याचे नुकसानच जास्त होते.

पुरावा किती भक्कम?

या विषयावरचा सर्वांत मोठा आढावा कॉक्रेन या संशोधन-संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात २४९ चाचण्या आणि २४,४८६ रुग्ण होते. काहीच उपचार न घेणाऱ्या, नेहमीचेच उपचार घेणाऱ्या किंवा लुटुपुटूचा उपचार मिळालेल्या रुग्णांच्या तुलनेत व्यायाम करणाऱ्यांची वेदना शून्य ते शंभरच्या मापावर सरासरी १५ गुणांनी कमी भरली. रुग्णाला जाणवेल असा हा फरक आहे. वाकणे, उठणे, चालणे, घरकाम यांतली अडचण सरासरी जवळपास ७ गुणांनी घटली. तो फरक मात्र आढावाकारांनी महत्त्वाचा मानण्यासाठी ठरवलेल्या १० गुणांच्या रेषेखाली राहिला. पुराव्याची खात्री त्यांनी ‘मध्यम’ ठरवली.

या आकड्यांचा अर्थ प्रामाणिकपणे लावायला हवा. व्यायामाने जुने दुखणे मुळासकट जात नाही. साठावरची वेदना पंचेचाळिसावर यावी एवढे त्याचे सरासरी बळ आहे. काहींना याहून बराच जास्त गुण येतो, काहींना जवळजवळ येत नाही. शिवाय व्यायाम करणाऱ्याला आपण व्यायाम करतो आहोत हे माहीत असतेच, त्यामुळे गोळीच्या चाचणीसारखी झाकपाक इथे शक्य नसते, आणि अशा चाचण्यांत परिणाम थोडा फुगून दिसू शकतो. त्यातल्या बऱ्याच चाचण्या लहान होत्या. निम्म्याच्या आसपास युरोपातल्या होत्या. ऊस तोडणारी, डोक्यावर मोळी वाहणारी बाई त्यांत क्वचितच सापडेल.

तरीही दुसऱ्या बाजूला काय उरते ते पाहिले की व्यायामाची किंमत कळते. लुटुपुटूच्या उपचाराशी तुलना करणाऱ्या ३०१ चाचण्यांचा आढावा २०२५ मध्ये आला. त्यात ५६ उपचार तपासले होते. दर दहांतला जेमतेम एक उपचार कसोटीला उतरला, आणि तोही थोड्या फरकाने. जुनाट कंबरदुखीसाठी उतरलेल्या मोजक्या उपचारांत व्यायाम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये प्राथमिक आरोग्य सेवेसाठी जुनाट कंबरदुखीची पहिली मार्गदर्शिका काढली. तिने रुग्णाला नीट माहिती देणे, आखीव व्यायाम, मसाज किंवा मणक्यावरचे हस्तोपचार, मानसिक आधाराच्या पद्धती आणि दाहशामक गोळ्या यांना जागा दिली. कमरेचे पट्टे, वजन लावून ओढणे म्हणजे ट्रॅक्शन, आणि अफूजन्य वेदनाशामके नेहमीच्या वापरातून वगळावीत, असे सांगितले.

इथे एक भेद लक्षात ठेवायला हवा. कालपरवा उसण भरलेल्या ताज्या दुखण्यावर खास व्यायामाचा फायदा दिसत नाही. १९९५ मध्ये हेलसिंकीत नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांवर एक चाचणी झाली. अंथरुणावर पडून राहणे, व्यायाम आणि झेपेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवणे यांची तुलना केली, तेव्हा तिसरा मार्ग सर्वांत चांगला ठरला. ताज्या दुखण्यात हिंडते-फिरते राहावे. दुखणे तीन महिन्यांच्या पुढे रेंगाळले की आखीव व्यायाम हाती घ्यावा.

कोणता व्यायाम?

कंबरेच्या व्यायामाचे पंथ बरेच आहेत. १९३० च्या दशकात अमेरिकेत विल्यम्स यांनी पुढे वाकण्याच्या व्यायामांवर भर दिला. न्यूझीलंडचे रॉबिन मॅकेन्झी यांनी १९५० च्या दशकापासून मागे वाकण्याच्या आणि दुखण्याच्या दिशेनुसार ठरवलेल्या हालचाली रुजवल्या. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या संशोधनातून पोटाच्या खोलवरच्या स्नायूंवर लक्ष गेले आणि पुढे ‘कोअर’चे युग आले. या सगळ्यांची एकमेकांशी तुलना करणाऱ्या आढाव्यांत पिलाटेस, मॅकेन्झी, ताकदीचे आणि स्नायूंवर ताबा आणणारे व्यायाम थोडे पुढे दिसतात. अंतर मात्र लहान आहे. एखादाच प्रकार घेऊन त्यालाच रामबाण म्हणावे, असा पुरावा नाही.

योगासनांचा विचार महाराष्ट्रात आपुलकीनेच होतो. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करून योगाला प्रयोगशाळेत नेले. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले; पट्टे, ठोकळे, खुर्च्या यांच्या आधाराने आसने करण्याची त्यांची पद्धत पुढे अमेरिकेत कंबरदुखीच्या चाचण्यांत वापरली गेली. बोस्टनमध्ये प्रामुख्याने कमी उत्पन्न गटातल्या ३२० रुग्णांवर झालेल्या २०१७ च्या चाचणीत बारा आठवड्यांचा योगवर्ग फिजिओथेरपीपेक्षा कमी ठरला नाही. कॉक्रेनच्या २०२२ च्या योगावरील आढाव्यात व्यायाम न करण्यापेक्षा योगाचा फायदा दिसला, पण तो लहान होता. इतर व्यायामांशी तुलनेत फारसा फरक नव्हता. योग हा व्यायामाचा एक चांगला प्रकार आहे आणि ज्याला तो आवडतो त्याने तोच करावा, एवढा निष्कर्ष त्यातून निघतो.

सर्वांत साधा व्यायाम चालण्याचा. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच सावरलेल्या ७०१ लोकांवर झालेली चाचणी २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. एका गटाला फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस, रोज तीस मिनिटे चालण्यापर्यंत नेले. त्यांचे दुखणे परतायला मध्यमानाने २०८ दिवस लागले. दुसऱ्या गटाचे ११२ दिवसांतच परतले. ही चाचणी दुखणे परत येण्याबद्दलची होती, पण कंबरदुखीची खरी खोड तर परत येण्याचीच आहे.

व्यायाम कोणता यापेक्षा तो कसा दिला यावर गुण जास्त अवलंबून असतो. २००५ च्या एका आढाव्यात माणूस पाहून आखलेला, कुणाच्या तरी देखरेखीखाली आणि पुरेसा वेळ केलेला व्यायाम जास्त उपयोगी पडल्याचे दिसले. चित्रांचा कागद हातात देऊन ‘हे घरी करा’ असे सांगितलेले व्यायाम बहुतेक लोक काही आठवड्यांत सोडून देतात. इथे औषध बरोबर असते, ते पोटात जात नाही.

व्यायामाने आत काय घडते?

स्नायू बळकट होतात हे अर्धेच उत्तर झाले. ताकद वाढण्याचे प्रमाण आणि वेदना कमी होण्याचे प्रमाण यांची सांगड नेहमी बसत नाही. जुन्या दुखण्यात मज्जासंस्था हळवी झालेली असते. साध्या वाकण्यालाही ती धोका समजते. माणूस घाबरून हालचाल टाळतो, स्नायू आखडतात, झोप बिघडते, आणि पुढच्या वेळी थोड्याशा कामाने जास्त दुखते. ठरवलेल्या मापाने, पुन्हा पुन्हा, सुखरूप हालचाल केली की ही भीती उतरते आणि संवेदनशीलता कमी होते. शिवाय झोप, मनःस्थिती आणि अंगातली उमेद सुधारते. भीती आणि हालचाल यांवर एकत्र काम करणाऱ्या पद्धतीची ४९२ रुग्णांवरची ऑस्ट्रेलियन चाचणी २०२३ मध्ये आली. तिच्यात वर्षभर टिकणारा फायदा दिसला. म्हणून ‘तुमची कंबर मोडकी नाही, ती पुन्हा तयार करता येते’ हे पटवून सांगणे हाही उपचाराचाच भाग आहे.

राबणे आणि व्यायाम

आता तिसगावच्या सवालाकडे येऊ. ऊस तोडताना तो जमिनीलगत तोडावा लागतो, म्हणून कंबर तासन्‌तास वाकलेली राहते. मग पाचट काढणे, मोळी बांधणे, ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणे. नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मजुरी टनावर ठरते, उचल आधीच घेतलेली असते, आणि आजारपणाचा खाडा पडला तर तो कापून घेतला जातो. गाडी रात्री आली तर रात्री भरावी लागते. यात कंबरेवर भार प्रचंड पडतो. पण तो माप न ठेवता, एकाच दिशेने, विसाव्याशिवाय पडतो.

व्यायामात याच्या उलट घडते. भार ठरवून घेतलेला असतो, टप्प्याटप्प्याने वाढतो, वाकलेल्या कंबरेला उलट दिशेची हालचाल मिळते, आणि दोन खेपांमध्ये शरीराला सावरायला वेळ राहतो. डेन्मार्कचे आंद्रेयास होल्टरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या अभ्यासात हाच विरोधाभास मांडला आहे. फावल्या वेळातली शारीरिक हालचाल आरोग्याला हितकर ठरते. पोटासाठी करावे लागणारे जड अंगमेहनतीचे काम तसे ठरताना दिसत नाही. म्हणून ‘आम्ही कमी राबतो का’ या प्रश्नाचे उत्तर असे: नाही, तुम्ही फार राबता, आणि त्याच कारणाने राबण्यावेगळी, मापातली हालचाल तुमच्या कंबरेला हवी.

याच्याच जोडीला दुसरे सत्यही स्वच्छ सांगायला हवे. भार तसाच ठेवून नुसते व्यायाम शिकवले तर दोष कष्टकऱ्याच्या माथी मारल्यासारखे होईल. मोळीचे वजन कमी करणे, गाडी भरायला यंत्राची मदत, रात्रीच्या भरतीवर मर्यादा, आजारपणात खाडा न कापणे या मागण्या कंबरेच्या उपचारातच मोडतात. उपाय दोन्हीकडून व्हायला हवा.

पट्टा, फोटो, शस्त्रक्रिया

गावात कंबर धरली की वाट ठरलेली असते: इंजेक्शन, शेक, मालिश, पट्टा, मग अहिल्यानगरला एमआरआय. शेक आणि मालिश यांनी तात्पुरते बरे वाटते. त्या उसंतीत व्यायाम सुरू करता आला तर त्यांचे चीज होते. वेदनाशामक गोळ्या वारंवार आणि मनाने घेतल्या तर जठर व मूत्रपिंडाला इजा होते, आणि उन्हात घाम गाळणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या मजुराला मूत्रपिंडाचा धोका अधिक. शस्त्रक्रियेबद्दल ब्रिटनमध्ये ३४९ रुग्णांवर झालेली २००५ ची चाचणी सांगण्यासारखी आहे. जुनाट कंबरदुखीसाठी मणके जोडण्याची शस्त्रक्रिया आणि व्यायामाचा कसून राबवलेला कार्यक्रम यांची तिने तुलना केली. शस्त्रक्रिया स्पष्टपणे सरस असल्याचा पुरावा तिच्यातून मिळाला नाही.

घाईच्या शस्त्रक्रियेची किंमत आपल्या शेजारच्या जिल्ह्याने मोजली आहे. बीडमधल्या ऊसतोड स्त्रियांच्या प्रश्नावर राज्य सरकारने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हाच्या पाहणीतल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. अशा शस्त्रक्रियेत अंडाशयही गेले तर हाडे लवकर ठिसूळ होतात, आणि मणका दबून कंबरदुखीची नवी वाट उघडते. ओटीपोट आणि कंबर यांच्या दुखण्याची वेळीच, धीराने तपासणी होणे या स्त्रियांसाठी किती मोलाचे आहे, हे यावरून कळावे.

आधी डॉक्टर केव्हा?

लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या आतला व बैठकीचा भाग बधिर होणे, पायातली ताकद कमी होत जाणे ही तातडीची लक्षणे आहेत. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप, वजन घटणे, रात्रीही न थांबणारे दुखणे असेल तर मणक्याचा क्षय किंवा गाठ यांचा तपास हवा. क्षयरोग आपल्याकडे अजून घरोघरचा शत्रू आहे. पडल्यानंतरचे दुखणे, उतारवय, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड, पूर्वी झालेला कर्करोग, आणि तरुण वयात पहाटे कंबर ताठरून हालचालीने मोकळी होणे यांतही आधी तपासणी, मग व्यायाम.

तिसगावात काय करता येईल?

ऊसतोड कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात आणि दसऱ्यानंतर जातात. मधले महिने हीच कंबर तयार करण्याची वेळ. बारा आठवड्यांचा कार्यक्रम त्यात सहज बसतो. सुरुवातीला दहा मिनिटे चालणे, दर आठवड्याला थोडे वाढवत अर्ध्या तासापर्यंत. सोबत आठवड्यातून तीन दिवस साध्या हालचाली: पाठीवर झोपून गुडघे छातीशी घेणे, कंबर उचलून सेतुबंध, ओणवे होऊन मार्जारासन, पालथे झोपून भुजंगासन, खुर्चीवरून उठबस, आणि पुढे पाठ सरळ ठेवून कुल्ल्यातून वाकत हलके वजन उचलण्याचा सराव. व्यायामाने थोडे दुखले आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत निवळले तर चालेल. दुखणे पायात उतरत गेले तर थांबून दाखवावे. फडावर गेल्यावर चालण्याचा वेगळा वेळ लागत नाही. तिथे दर काही वेळाने सरळ होऊन कंबर मागे ताणणे आणि संध्याकाळची दहा मिनिटे टिकवता आली तरी पुष्कळ.

शिकवणारे कोण? जिल्ह्यात विळद घाट आणि लोणी येथे फिजिओथेरपीची महाविद्यालये आहेत. त्यांचे विद्यार्थी आणि शिक्षक ठरावीक दिवशी बाजाराच्या गावांत बसले, आशाताई आणि आरोग्य उपकेंद्रातल्या कर्मचाऱ्यांना त्यांनी हे मोजके व्यायाम आणि धोक्याची लक्षणे शिकवली, तर साखळी उभी राहते. याच जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जुजबी शिक्षण असलेल्या गावातल्या बायकांना आरोग्याचे काम शिकवून दाखवले. बाळंतपण आणि बालमृत्यू यांसारखे कठीण विषय ज्या पद्धतीने पेलले गेले, त्या पद्धतीला कंबरेचे व्यायाम जड नाहीत. बायकांचा गट, ठरलेली वेळ, एकमेकींची चौकशी, हेच इथले खरे यंत्र आहे. देखरेखीखालचा व्यायाम जास्त गुणकारी ठरतो तो असा.

जुनाट कंबरदुखीवरचा सर्वांत स्वस्त आणि पुराव्याने उभा राहिलेला हा उपचार आज गावात सर्वांत कमी दिला जातो, कारण त्याला बाटली नाही, सुई नाही आणि तो शिकवायला वेळ लागतो. तो वेळ देणारे माणूस नेमणे ही आरोग्य खात्याची, आणि फडावरचा भार हलका करणे ही कारखाने, मुकादम व सरकार यांची जबाबदारी आहे. रोजची वीस-तीस मिनिटे आपल्या कंबरेसाठी राखणे एवढेच रुग्णाच्या वाट्याला यावे. तेवढे तो करील, जर त्याला कुणी शेजारी बसून शिकवले आणि पुढच्या आठवड्यात ‘जमले का?’ म्हणून विचारले.